दादर: एका नावाची दोन स्टेशनं

मोबाइल हातात यायच्या आधीची गोष्ट आहे. मी डोंबिवलीला राहायचे, मावसबहीण गोरेगावला. शिवाजी मंदिरला दुपारचं नाटक होतं आणि दोघींचं ठरलं होतं, ‘दादरला एक नंबरवर भेटू, जिन्याखाली.’ मी एक नंबरवर जिन्याखाली पाऊण तास उभी राहिले. तीही एक नंबरवर जिन्याखाली पाऊण तास उभी राहिली. शेवटी आम्ही नाट्यगृहाच्या दारात भेटलो, तेव्हा पहिला अंक निम्मा झाला होता. चूक दोघींचीही नव्हती. दादरला तेव्हा एक नंबरचे दोन प्लॅटफॉर्म होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. तसेच दोन नंबरचेही दोन, तीनचेही दोन.

९ डिसेंबर २०२३ पासून ही दुहेरी मोजणी बंद झाली. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आहेत तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आकडे ८ पासून सुरू होऊन १४ वर थांबले. बातमी लहानशीच होती. पण एकाच स्टेशनात एकाच नंबरचे दोन प्लॅटफॉर्म असण्यामागे १७० वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की दादरची गर्दी, तिथले पूल, गाड्या बदलायची धावपळ, सगळ्याचं कारण सापडत जातं.

रेल्वे बांधली कंपन्यांनी

आज रेल्वे म्हटलं की सरकार डोळ्यांपुढे येतं. सुरुवातीला तसं नव्हतं. रेल्वे बांधली ती विलायतेत भांडवल गोळा केलेल्या खासगी कंपन्यांनी. १८४० च्या दशकात मुंबईच्या व्यापाऱ्यांना आणि इंग्लंडच्या गिरणीवाल्यांना घोर लागला होता तो कापसाचा. दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून बंदराला यायचा. वाटेत तो मळायचा, भिजायचा, पावसाळ्यात तर अडूनच पडायचा. जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी १८४५ मध्ये मुंबईत रेल्वेसाठी संस्था उभी केली. १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. लोकांनी तिचं नाव आखडून जीआयपी केलं.

या कंपन्यांना पैसे कसे मिळाले ते समजून घेतलं पाहिजे, कारण दादरचं कोडं तिथूनच सुरू होतं. हजारो मैल दूरच्या देशात लोखंडाचे रूळ टाकायला लंडनमधला माणूस आपली शिल्लक का गुंतवील? म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं हमी दिली: तुमच्या भांडवलावर वर्षाला साधारण ५ टक्के परतावा मिळेलच. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही, तर उरलेली रक्कम सरकार भरून देईल. म्हणजे ती इथल्या रयतेच्या करातून जाणार. जमीनही सरकारनंच फुकट द्यायची. भागधारकाला धोका जवळजवळ नाहीच. पण या व्यवस्थेत प्रत्येक कंपनीचा करार वेगळा, भांडवल वेगळं, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. एका कंपनीच्या स्टेशनात दुसऱ्या कंपनीची गाडी उभी करायची तर भाडं कोणी कोणाला द्यायचं, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे सगळं करारात बसवावं लागलं असतं. त्यापेक्षा शेजारी आपलं दुसरं स्टेशन बांधणं सोपं होतं.

१६ एप्रिल १८५३ ला दुपारी जीआयपीची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली. १४ डबे, ३ इंजिनं, ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचा रस्ता. ती दादरवरूनच गेली. तेव्हा दादर म्हणजे माडांच्या वाड्या, भातखाचरं आणि मधूनच एखादी वस्ती. त्या दिवशी गाडी बघायला आलेल्या दादरकरांच्या मनात काय आलं असेल, याचा मी आजही तिथून जाताना विचार करते.

दुसरी कंपनी आली गुजरातेतून. तिचं नाव बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. हे लांबलचक नाव पुढे बीबीसीआय एवढंच उरलं. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीनं काम सुरतेच्या आसपास सुरू केलं आणि रूळ दक्षिणेकडे टाकत, वसईच्या खाडीवर पूल बांधत ती मुंबईकडे सरकली. २८ नोव्हेंबर १८६४ ला तिची गाडी ग्रँट रोडला पोचली. वर्ष बघण्यासारखं आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबलेला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. गुजरातचा कापूस लवकर बंदरात आणणं म्हणजे पैसाच पैसा. पुढे ही रेल्वे पश्चिम किनाऱ्यानं थेट कुलाब्यापर्यंत गेली, कारण कापसाचा बाजार तिथे होता. चर्चगेट हे शेवटचं स्टेशन झालं ते १९३० च्या अखेरीस कुलाबा बंद झाल्यावर.

म्हणजे एकीला घाटावरचा माल आणायचा होता, दुसरीला गुजरातचा. प्रवासी, आणि तेही रोज ये-जा करणारे, हा नंतरचा विचार. १२ एप्रिल १८६७ ला बीबीसीआयनं विरारहून बॅकबेला लोकल सुरू केली, तेव्हा ती दिवसाला जायला एक आणि यायला एक एवढीच होती. त्या गाडीच्या स्टेशनांमध्ये दादर होतं.

बेचकीचा सांधा

आता प्रश्न असा, की दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ दादरलाच एकमेकांना का खेटले?

मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेकडे निमुळता होत गेलेला जमिनीचा पट्टा, दोन्ही बाजूंना पाणी. उत्तरेकडे माहीमची खाडी आणि दलदल. या बेटातून बाहेर पडायच्या खुष्कीच्या वाटा मुख्यतः दोन होत्या: पूर्वेला शीवकडून, पश्चिमेला माहीम-वांद्र्याकडून. जीआयपीनं शीवची वाट धरली, बीबीसीआयनं माहीमची. शहरात मात्र दोघींनाही त्याच पट्ट्यातून दक्षिणेकडे जायचं होतं. त्यामुळे परळपासून दादरपर्यंत दोन्हींचे रूळ अगदी शेजारी आले आणि दादर ओलांडलं की फाटले. एक माटुंगा, शीव, कुर्ला करत ठाण्याकडे. दुसरा माटुंगा रोड, माहीम, वांद्रे करत विरारकडे.

बेचकी आठवा. दोन फांद्या वर, खाली मूठ. त्या फांद्या फुटतात ती जागा म्हणजे दादर. फरक एवढाच, की या बेचकीची मूठही एकसंध नाही. दोन काठ्या शेजारी शेजारी धरल्यासारखी आहे. एक काठी सीएसएमटीला जाते, दुसरी चर्चगेटला.

अनेकांना पडणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर या आकृतीत आहे: विरारहून कल्याणला दादरमार्गे थेट लोकल का नाही? दोन रेल्वेंचं पटत नाही म्हणून, असं लोक सहज बोलून जातात. खरं कारण भूमितीचं आहे. विरारहून आलेली गाडी दादरला येते तेव्हा तिचं तोंड दक्षिणेला असतं. कल्याणला जायचं तर तिला दादरच्या पुढे जाऊन थांबावं लागेल, मोटरमनला एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाला जावं लागेल, आणि मग गाडी उलटी उत्तरेला काढावी लागेल. तेवढा वेळ तिनं अडवलेल्या रुळावर मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतील. दर तीन-चार मिनिटांनी गाडी सोडणाऱ्या मार्गावर हे परवडत नाही. माहीमहून हार्बरला जाणारा फाटा आहे, वसई-दिवा मार्गही आहे, पण दादरच्या सांध्याची जागा त्यातला कुठलाच घेऊ शकत नाही.

मग गाडी जे करू शकत नाही ते माणसं करतात. विरारहून आलेला माणूस उतरतो, जिना चढतो, पुलावरून पूर्वेकडे चालतो, जिना उतरतो आणि उत्तरेला तोंड करून उभ्या असलेल्या कल्याण गाडीत बसतो. गाडीचं वळणं तो पायांनी पूर्ण करतो. दादर स्टेशनचं हृदय म्हणाल तर ते हे पूल आहेत. जुन्या वाड्यांत माडीवर जायच्या लाकडी जिन्याला दादर म्हणत, लहान पुलालाही म्हणत. या भागाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. रेल्वेच्या पुलाला ‘दादरा’ म्हणणारी म्हातारी माणसं मी लहानपणी खूप ऐकली आहेत.

स्टेशनाभोवतीचं गाव

दादरची वस्ती वाढली ती प्लेगनंतर. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि गिरगाव-मांडवीकडच्या कोंदट चाळींची अवस्था सरकारला झाकता येईना. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मोकळ्या हवेची, आखीव रस्त्यांची वस्ती उत्तरेकडे वसवायची ठरली, आणि दादर-माटुंग्याची योजना आली. दादर पूर्वेची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच आखणीची फळं. कारकून, मास्तर, वकील, छापखानेवाले, असा नोकरदार वर्ग तिथे राहायला आला आणि रोज सकाळी फोर्टकडे जाऊ लागला. उपनगरी प्रवासी म्हणतो तो माणूस इथे तयार झाला.

बेस्टच्या बसवर आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ‘दादर टी.टी.’ आजही आहे. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरलाच आली. रूळ उखडून साठ वर्षं झाली, नाव राहिलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९०६ मध्ये देशभर एक प्रमाणवेळ ठरली आणि रेल्वे तिच्यावर चालू लागली. मुंबईनं मात्र आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणजे कितीतरी वर्षं गाडी पकडणाऱ्याला रेल्वेची वेळ वेगळी आणि शहराची वेगळी, असा हिशेब मनात ठेवून घरातून निघावं लागत असणार.

हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पुस्तकांसाठी राजगृह बांधलं, आणि ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात, आणि त्यातली बहुतेक या स्टेशनात उतरतात. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली, पांढरे कपडे घातलेली, कडेवर मूल आणि हातात निळा झेंडा घेतलेली माणसं त्या दिवशी पुलांवरून शांतपणे पश्चिमेला जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दादर हे नुसतं गाडी बदलायचं ठिकाण वाटणार नाही.

कोळसा गेला, वीज आली

वाफेच्या इंजिनावर आजची लोकल चाललीच नसती. इंजिन सावकाश वेग घेतं, आणि शेवटच्या स्टेशनावर ते सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं. विजेच्या लोकलला वेगळं इंजिन नसतं. मोटरी डब्यांखालीच असतात आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. त्यामुळे ती पटकन वेग घेते, पटकन थांबते आणि टोकाला जाऊन लगेच परत फिरते. दर दोन-अडीच किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला हेच तर हवं. जीआयपीची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गानं धावली. बीबीसीआयनं ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा-बोरिवली सुरू केली.

दोघींनीही १५०० व्होल्टची डीसी वीज घेतली होती. गाड्या वाढल्यावर ती अपुरी पडू लागली, म्हणून २५,००० व्होल्टच्या एसीकडे वळायचं ठरलं. हे काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये. मधली तीन वर्षं दादरच्या एका अर्ध्यात एक वीज होती आणि दुसऱ्या अर्ध्यात दुसरी. प्रवाशाला त्याचा पत्ताही नव्हता.

तोवर कंपन्या तर कधीच गेल्या होत्या. जीआयपीचा कारभार सरकारनं १९२५ मध्ये ताब्यात घेतला, बीबीसीआयचा १९४२ मध्ये. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे असे विभाग झाले. मालक एकच झाला, तिकीट दोन्हीकडे चालू लागलं, पण मुख्यालयं वेगळी राहिली, वेळापत्रकं वेगळी राहिली, दुरुस्तीचे दिवससुद्धा वेगळ्या नावांनी ओळखले जातात: मध्यवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बोब्लॉक. रेल्वेच्या दप्तरी दादरची आद्याक्षरंही दोन आहेत. मध्यचं दादर ‘डीआर’, पश्चिमेचं ‘डीडीआर’. लंडनच्या दोन कंपन्यांनी आखलेली हद्द अशी स्वतंत्र भारताच्या कागदांवरही उतरली.

पश्चिमेकडून पूर्वेकडे

दादरला पहिल्यांदा येणाऱ्यानं एकच क्रम लक्षात ठेवावा. पश्चिमेच्या फुलबाजाराकडून आत शिरलात की आधी पश्चिम रेल्वेचे स्लो रूळ, मग तिचे फास्ट. त्यानंतर मध्य रेल्वेचे स्लो, मग फास्ट, आणि अगदी पूर्वेच्या कडेला बाहेरगावच्या गाड्यांचे फलाट. सावंतवाडीची तुतारी एक्स्प्रेस पकडायला गणपतीत चाकरमानी बोचकी घेऊन मध्य रेल्वेच्या दादरला येतात. आपल्या गाड्या डाव्या हाताच्या रुळावरून धावतात, म्हणून दोन्ही रेल्वेंवर पश्चिमेकडचा पहिला फलाट शहराबाहेर जाणाऱ्या स्लो गाडीचा. आम्ही दोघी बहिणी ज्या दोन ‘एक नंबर’वर उभ्या होतो ते हेच: तिचा बोरिवलीकडे जाणाऱ्या स्लोचा, माझा कल्याणकडे जाणाऱ्या स्लोचा.

दादरवरून जाणाऱ्या दोन्ही रेल्वेंच्या सगळ्या लोकल इथे थांबतात, फास्टसुद्धा. त्यामुळे इथे दोन नाही, तीन तऱ्हेचे लोक एकाच वेळी एकमेकांना ओलांडत असतात. पश्चिमेहून मध्यवर जाणारे एक. करी रोडहून स्लोनं येऊन डोंबिवलीची फास्ट पकडणारे, म्हणजे एकाच रेल्वेत गाडी बदलणारे, दुसरे. आणि दादरमध्येच काम असलेले, बाहेर पडणारे तिसरे. तिघांचाही रस्ता एकच: जिना. दोन बाजूंना एकाच वेळी दोन गाड्या आल्या की पाच-सात मिनिटं तो जिना पुढे सरकत नाही.

जिना अरुंद असला की काय होतं, हे दादरच्या पुढच्याच स्टेशनानं दाखवलं. तिथेही दोन रेल्वेंची दोन स्टेशनं खेटून आहेत, फक्त नावं वेगळी: मध्यचं परळ, पश्चिमेचं तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी जोराचा पाऊस आला, लोक पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबले, मागून गाड्यांमधली माणसं येतच राहिली, आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. नवा पूल मग लष्करानं बांधला. तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. कामाला निघालेली माणसं होती ती. त्यांची आठवण काढल्याशिवाय दादरच्या पुलांविषयी लिहू नये असं मला वाटतं.

त्यानंतर दादरला रुंदीचा विचार नेटानं झाला. मध्य रेल्वेच्या जुन्या एक आणि दोन नंबरच्या मध्ये एकच फलाट होता, आणि दोन नंबरवरून दादर लोकल सुटायच्या. २०२३ च्या सप्टेंबरात त्या लोकल परळपर्यंत नेल्या, दोन नंबरचा रूळ काढला आणि फलाट त्या बाजूला रुंद केला. आठांपैकी एक आकडा असा गळला. उरले सात. पश्चिमेचे सात आणि हे सात, म्हणून आज शेवटचा फलाट १४ नंबरचा आहे.

जुन्या सवयीच्या लोकांसाठी सांगते: मध्यचा जुना १ तो आताचा ८. जुना ३ झाला ९, ४ झाला १०, ५ झाला ११, ६ झाला १२, ७ झाला १३ आणि ८ झाला १४. दोन नंबर शोधायला जाऊ नका. तो आता फक्त पश्चिमेला आहे.

२०२५ च्या मे महिन्यात भुयारी मेट्रोचं दादरही सुरू झालं. ते पश्चिमेला, गोखले रस्त्याच्या बाजूला आहे, रेल्वेच्या पुलांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथले प्लॅटफॉर्म पुन्हा एकपासून मोजलेले आहेत. मावसबहिणीला परवा फोनवर सांगितलं, ‘दादरला आठ नंबरवर ये, मध्यच्या बाजूला, मधल्या पुलाखाली,’ आणि ती बरोबर आली.